क्युस्ट्रिनची खिडकी

सेमिनरीत चर्चचा इतिहास शिकताना १७७३ हे वर्ष आमच्या मनावर कोरले गेले. त्या वर्षी कॅथोलिक राजांच्याच दडपणाखाली पोप चौदावे क्लेमेंट यांनी येशूसंघ विसर्जित केला. आणि संघाच्या सभासदांना आसरा दिला तो कोणी? रशियाच्या ऑर्थोडॉक्स कॅथरीनने आणि प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने! फ्रेडरिक जन्माने प्रॉटेस्टंट, मताने धर्माविषयी पुरता उदासीन. पोपमहाशयांचे आज्ञापत्र त्याने सायलेशियात जाहीरच होऊ दिले नाही. त्यामागे भक्ती नव्हती, हिशेब होता. शाळांना इतके कसलेले शिक्षक दुसरे कोठून मिळणार? तेव्हापासून या राजाविषयी मला कुतूहल आहे.

त्याच्या आजोबांनी १७०१ साली क्योनिग्सबर्ग येथे स्वतःच्याच हाताने मस्तकी मुकुट ठेवला. ते खर्चिक, थाटामाटाचे भोक्ते. त्यांच्याविषयी इतके पुरे. पिता पहिला फ्रेडरिक विल्यम (राज्यकाल १७१३ ते १७४०) मात्र निराळ्याच मुशीतला. दरबारी डामडौल मोडून त्याने पैसा सैन्यात घातला, फौज सुमारे ८०,००० वर नेली. धिप्पाड शिपायांचे त्याला वेड होते. प्रसंगी अशी माणसे पळवूनही आणली जात. राज्याची घडी त्याने बसवली, हे मान्य केलेच पाहिजे. माणूस देवभीरू होता. पण मुलाच्या हातातील बासरी अन् फ्रेंच पुस्तके त्याला खपत नसत. चारचौघांदेखत तो युवराजाला छडीने बडवी.

ऑगस्ट १७३० मध्ये अठरा वर्षांच्या युवराजाने पळून जाण्याचा प्रयत्न केला, तो फसला. त्याचा साथीदार, तरुण अधिकारी हान्स हेर्मान फॉन काटे, याला लष्करी न्यायालयाने जन्मठेप दिली. राजाने ती बदलून देहदंड फर्मावला. जगातून न्याय नाहीसा होण्यापेक्षा काटे मेलेला बरा, असे त्याचे म्हणणे. ६ नोव्हेंबर रोजी क्युस्ट्रिनच्या किल्ल्यात युवराजाला खिडकीशी उभे करण्यात आले. त्याने वरून मित्राची क्षमा मागितली. खालून प्रेमाचेच उत्तर आले. मग युवराज मूर्च्छित झाला.

आपण मुलाचे कल्याणच करीत आहोत, अशी त्या पित्याची प्रामाणिक समजूत होती. धर्मगुरू म्हणून असे पिता मी पुष्कळ पाहिले आहेत. ते दुष्ट नसतात, प्रार्थना चुकवीत नाहीत. मुलगा मात्र त्यांच्यासमोर मान वर करीत नाही. त्यामुळे हा राजा मला परका वाटत नाही, आणि याचेच मला भय वाटते.

१७४० मध्ये गादीवर येताच पुत्राने न्यायालयीन छळाला जवळजवळ पूर्ण आळा घातला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मात्र, ठोस कारण नसताना, सायलेशियावर चाल केली. दयाळू की निर्दय, हा निवाडा मला करता आलेला नाही. सायलेशियाबरोबर बहुसंख्य कॅथोलिक प्रजा त्याच्या पदरी आली. बर्लिनमधील कॅथोलिकांना त्याने राजवाड्यांच्या परिसरातच मंदिरासाठी जागा दिली. सायलेशियाच्या संत हेडविगच्या नावाने १७४७ मध्ये त्याचे बांधकाम सुरू झाले आणि अभिषेक झाला तो नेमका १७७३ मध्येच.

सांसूसी येथील बागेत, आपल्या लाडक्या कुत्र्यांशेजारी मला पुरा, असे त्याने लिहून ठेवले होते. १७८६ मध्ये तो वारला, तेव्हा पुतण्याने त्याला पॉट्सडॅमच्या चर्चमध्ये ठेवले, पित्याच्या शवपेटीशेजारी! दुसऱ्या महायुद्धात दोन्ही पेट्या हलवाव्या लागल्या. तेव्हाही बापलेक बरोबरच. अखेर १७ ऑगस्ट १९९१ रोजी, मृत्यूनंतर बरोबर २०५ वर्षांनी, तो आपल्या बागेत पोहोचला. पित्याला जवळच्याच एका चर्चमध्ये जागा मिळाली. फ्रेडरिकने प्रजेला बटाटा लावायला शिकवले म्हणून येणारे-जाणारे त्याच्या साध्या शिळेवर बटाटे ठेवतात.