आई असूनही अनाथ

श्रीनगरहून कुपवाड्याला जाणारी सुमो प्रवासी भरल्याशिवाय हलत नाही आणि एकदा हलली की तिला अडवतो तो लष्कराचा ताफा. तो आला की सगळी वाहनं निमूट कडेला लागतात. सफरचंदांचा हंगाम होता. सोपोरजवळ पेट्यांनी भरलेल्या ट्रकांची रांग लागलेली, आणि पलीकडे वाळूच्या पोत्यांच्या बंकरला लागून शाळेची मुलं घरी चाललेली. एकानंही तिकडे मान वळवून पाहिलं नाही. शेजारच्या शिक्षिकेला मी हे बोलून दाखवलं.

"बंकरचं काही नाही, दीदी," त्या म्हणाल्या. "रात्री दार वाजलं की बघा." त्यांच्या वर्गातला एक मुलगा रोज पहिल्या तासाला बाकावर झोपतो. आजोबांना कोणी उठवून नेऊ नये म्हणून रात्रभर त्यांच्या अंथरुणाशी जागा असतो. त्या त्याला उठवत नाहीत. मे २०२५मध्ये कुपवाडा जिल्ह्यातल्या करनाहवर तोफगोळे पडले, तेव्हापासून लग्नातल्या फटाक्यांनाही मुलं बिचकतात, हेही त्यांनीच सांगितलं.

डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स या संस्थेनं काश्मीर विद्यापीठ आणि श्रीनगरच्या मनोरुग्णालयाबरोबर २०१५ साली केलेली पाहणी मी वाचली होती. खोऱ्यातल्या सुमारे १८ लाख प्रौढांमध्ये, म्हणजे ४५ टक्क्यांमध्ये, मानसिक त्रासाची ठळक लक्षणं आढळली होती. त्यात मुलं मोजलेली नव्हती. पण ही सगळी माणसं कुणाचे तरी आईबाप, काका, आजोबा आहेत. मुलं त्यांच्याच घरात वाढतात. मुलाची भीती पोटदुखी होऊन बाहेर येते, मग आधी पोटाचा डॉक्टर, नंतर पीरबाबा. रैनावारीच्या मनोरुग्णालयात पोरीला नेलं हे गावात कळलं तर तिचं लग्न कसं जमायचं, ही धास्ती वेगळीच.

संध्याकाळी कुपवाड्यात मुलींच्या एका वसतिगृहात पोचले. या जिल्ह्याशी मराठी माणसाचं जुनं नातं आहे. नगर जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याकडचे अधिक कदम विद्यार्थिदशेत इथं आले आणि गुंतले. २००२ साली सुलकूटला चार मुलींना घेऊन त्यांनी पहिलं घर सुरू केलं. मी उतरले ते घर दुसरं होतं, तितकंच साधं. नून चाय, म्हणजे मिठाचा चहा, आणि गिरदा रोटी पुढ्यात आली. आठेक वर्षांची एक मुलगी दाराशी बसली होती. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ती एकच विचारत होती, किती वाजता येणार? स्वयंपाकीण म्हणाली, सहाला. घर सांभाळणाऱ्या बाजी म्हणाल्या, पावणेसातला, आणि त्या पावणेसातला आल्या. इथं कोणीही अंदाजानं वेळ सांगत नाही, सांगितली की पाळतात. त्या मुलीचे वडील "आत्ता येतो" म्हणून गेले होते. समुपदेशक महिन्यातून एकदा येते, तिचं काम मोलाचंच. पण तिला सावरतंय ते रोजचं हे वेळेवर परत येणं, असं मला तिथं बसल्या बसल्या पटत गेलं. मलाही तिनं विचारलं. मी "उद्या पाचला" म्हणाले आणि दुसरा दिवस घड्याळाकडे बघत काढला.

रात्री बाजींशी बोलताना कळलं की इथल्या बऱ्याच मुलींना आई आहे. मग त्या इथं का? आजोबांच्या आधी मुलगा गेला आणि त्याचे भाऊ हयात असले, तर नातवंडांना आजोबांच्या जमिनीत वारसाहक्क उरत नाही. याला तिथं महजूब-उल-इर्स म्हणतात. सून तरुण असेल तर माहेरचे तिचं पुन्हा लग्न लावतात, आणि नव्या घरात मुलांना जागा नसते. नवरा बेपत्ता असेल तर हाल आणखी. सात वर्षं उलटून न्यायालयानं मानेपर्यंत मृत्यूचा दाखला नाही, दाखल्याशिवाय विधवा म्हणून मिळणारी मदत नाही. दरिद्री आई शेवटी मुलीला वसतिगृहाच्या दारात आणून सोडते. वडील गमावलेल्या पोरीची आईही अशी कागदापायी सुटते, याचा मला संताप आला.

केंद्राचा बालन्याय कायदा २०१९नंतर इथंही लागू आहे, आणि मूल संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं तो बजावतो. मिशन वात्सल्य योजनेत आईजवळ राहणाऱ्या गरजू मुलासाठी महिना ४००० रुपये मिळू शकतात. ज्या मुलींना खरंच कोणी नाही, त्यांना ही घरं हवीतच. बाकीच्यांसाठी पैसा आधी आईच्या हातात पडायला हवा, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यकर्तीबरोबर लोलाबच्या एका गावात गेले. अंगणात अक्रोड वाळत होते. घरातल्या बाईनं दोन्ही मुलं अजून स्वतःजवळ ठेवली होती. अक्रोड सोलून हात काळे झालेले, म्हणून वात्सल्य योजनेसाठीचे कागद कार्यकर्तीनंच चाळले. आधार होतं, शाळेचा दाखला होता, बँकेचं खातं दिराच्या नावावर होतं. "तुमच्या नावाचं उघडायचं," कार्यकर्ती म्हणाली. दीर दारातच उभा होता, काही बोलला नाही. बँक चारला बंद होते, मला पाचला कुपवाड्यात पोचायचं होतं. बाईनं हात धुतले, फेरन बदललं आणि धाकट्याला घेऊन आमच्याबरोबर गाडीत बसली.