काळ्या दगडाच्या घरात वाय-फाय

कोंडाण्याची लेणी बघून किंवा राजमाचीवरून उतरून आलेली मंडळी आमच्या अंगणात टेकली, की पाण्याच्या तांब्याबरोबर वाय-फायचा पासवर्ड मागतात. शहरातल्या लोकांना फोनचं वेड, असं म्हणून ते उडवून लावावं असं मला कधी वाटलं नाही. उल्हास नदीच्या या खोऱ्यात आमच्या कोंडाणे गावाला डोंगरांचा वेढा आहे आणि टॉवरची रेंज डोंगराला अडते. उतरलेल्या माणसाला घरी कळवायचं असतं की सुखरूप पोचलो. कर्जत स्टेशनला जायला रिक्षा बोलवायची असते. जेवणाचे पैसे हल्ली फोनवरूनच देतात. आणि आमची गरज त्यांच्याहून मोठी आहे. पावसाळ्यात रात्री आईला दम लागतो तेव्हा डॉक्टरांना फोन लागलाच पाहिजे. २०२३ च्या जुलैत खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तेव्हापासून डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या आमच्यासारख्यांना मुसळधार पावसात फोन बंद पडला की झोप येत नाही.

म्हणून घरात फायबर घेतलं. खांबावरून तार आली, ओटीवर राउटर बसला. ओटीवर नेट उत्तम, माजघरात रडतखडत, स्वयंपाकघरात नाहीच. मागे दादाने बांधलेली स्लॅबची खोली आहे, तिथे पुतणीचा अभ्यास चालतो. तिला ऑनलाइन तासाला पुस्तकं उचलून ओटीवर यावं लागायचं. अंगणापलीकडच्या जुन्या गोठ्याच्या आम्ही पाहुण्यांसाठी दोन खोल्या केल्या आहेत. तिथे तर विचारायलाच नको.

मी खोपोलीला एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो. दिवसभर प्रेशर, तापमान, लेव्हल मोजायची, आणि मोजल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, ही तिथली शिस्त. घरी मात्र मी ड्यूटीवर असताना एका दुकानदाराने दादाला सहा अँटेनांचा राउटर आणि वर एक रिपीटर दिला होता. रिपीटर त्याच्याच माणसाने स्वयंपाकघरात लावला, कारण नेट तिथे येत नव्हतं. जिथे मूळ सिग्नलच पोचत नाही, तिथे बसलेला रिपीटर पुढे काय पाठवणार? तो लावायचा असतो अर्ध्या वाटेवर, सिग्नल अजून धड आहे तिथे. त्यातही साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो.

रजेच्या दिवशी मी फोनवर सिग्नल मोजायचं एक फुकट अ‍ॅप घेतलं आणि घरभर फिरलो. हा आकडा डीबीएममध्ये, उणे चिन्हासह दिसतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. दर ३ ने आकडा खाली गेला की ताकद निम्मी होते. व्हिडिओ कॉल नीट चालायला साधारण उणे ६७ किंवा त्याहून चांगला आकडा हवा. ओटीवर उणे ४५ होता, माजघरात उणे ६३, स्वयंपाकघरात उणे ७९. दादाच्या खोलीत उणे ८६ आणि तोही येऊन-जाऊन.

आकडे कागदावर मांडले आणि घर वेगळं दिसायला लागलं. डोंगरातली कोंडाण्याची लेणी इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकातली मानतात. ज्या काळ्या बेसॉल्टात ती खोदली, तोच दगड आमच्या भिंतींत आहे, हातभर जाडीचा. ओटी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये अशा दोन भिंती आहेत. वीटभिंतीत लहर थोडी थकते, पण एवढा जाड दगड तिला जवळजवळ संपवतो. दादाच्या खोलीच्या स्लॅबमध्ये आणि खांबांत सळ्यांची जाळी. पावसाची झड येऊ नये म्हणून पडवीला पत्रे ठोकलेले, आणि पत्रा लहर आत घेतच नाही, परतवून लावतो. श्रावणात पुन्हा मोजलं तेव्हा दगडापलीकडचे आकडे आणखी घसरले होते, कारण ओल धरलेली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त खाते. अशा घराला अँटेना सहा लावा की बारा, फरक पडणार नाही. जत्रेतल्या कर्ण्याचा आवाज डोंगरावर पोचतो, पण डोंगरावरच्या माणसाची हाक खाली येत नाही. राउटर कितीही मोठ्याने बोलला तरी फोनचा रेडिओ लहानच असतो आणि उत्तर त्यालाच द्यायचं असतं.

पण वाय-फायला हात लावण्याआधी दोष बाहेरच्या तारेत आहे की घरात, ते ठरवायला हवं. बहुतेक घरांत इथेच गोंधळ होतो. नेट अडकलं की कंपनीला फोन, कंपनी म्हणते लाइन चालू आहे, आणि दोघंही आपापल्या जागी चिडतात. मी लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडला आणि दोन पिंग, म्हणजे उत्तर येतं का ते बघणारे छोटे संदेश, सोडले, एक राउटरच्याच पत्त्यावर, १९२.१६८.१.१ वर, आणि एक बाहेर. राउटरकडून उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत येत होतं. बाहेरचं उत्तर मात्र मधूनमधून गायब. म्हणजे दगडी भिंतींचा त्रास होता तो होताच, शिवाय बाहेरून येणारी लाइनही पूर्ण निरोगी नव्हती.

राउटरच्या सेटिंगच्या पानावर फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद दिसते. आमचा आकडा उणे २८ च्या आसपास होता. घरगुती यंत्रांची ऐकू येण्याची हद्द साधारण तिथेच संपते. जरा पाऊस-वारा आला की एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागायचा, त्याचं कारण हेच. तार हाताने धरून मागे-मागे गेलो. खिडकीच्या चौकटीवर बसवणाऱ्याने ती काटकोनात दुमडून वर खिळ्याची क्लिप ठोकली होती. फायबर ही काच आहे. तीव्र वळणावर तिच्यातला प्रकाश बाहेर गळतो. क्लिप उपटली, तार तळहाताएवढ्या सैल वेढ्यात गुंडाळून बांधली, आणि आकडा उणे २१ वर आला. लाल दिवा त्या पावसाळ्यात पुन्हा दिसला नाही. ही दुरुस्ती बिनपैशाची होती आणि सगळ्यात मोठा फरक हिनेच पडला.

मग घरातलं काम. दगडातून लहर जात नसेल तर तार न्यायची, एवढाच माझा निर्णय होता. दादाला घरभर वायरी लोंबणं पसंत नव्हतं. वहिनींनी तोडगा काढला. "भावोजी, माळ्यावरून न्या की, कौलांखालून. तिथं कोण बघतंय?" खरंच, भिंती माळ्यापर्यंत दगडाच्या, पण वर नुसते वासे आणि कौलं. ओटीवरून माळ्यावर, तिथून स्वयंपाकघराच्या वर, तिथून दादाच्या खोलीत. लॅन केबलला १०० मीटरची मर्यादा असते, आम्हाला त्याच्या निम्मीही लागली नाही. केबल घेताना टोक सोलून आतली तार सुरीने खरवडून बघितली. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार बाजारात स्वस्त मिळते, खरवडली की आत पांढरी निघते. ती ठिसूळ असते आणि आमच्या दमट हवेत सांध्यांवर लवकर खराब होते. कॅट-६ आणि शुद्ध तांबं, यावर मी अडून बसलो.

आता एका दोषाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तो अनेकांच्या घरी असेल आणि कुणाला सापडत नसेल. दादाच्या खोलीत एक जुनी केबल आधीच ओढलेली होती, बांधकामाच्या वेळी वायरमनने टाकलेली. टेस्टर लावला तर आठही दिवे ओळीने लागले. म्हणजे तार तुटलेली नाही. तरी वेग रांगत होता, मध्येच जोडणी सुटायची. कनेक्टर भिंगाखाली धरला आणि दोष सापडला. लॅन केबलमध्ये आठ तारा चार जोड्यांत पिळलेल्या असतात, आणि त्या पिळामुळेच एका जोडीचा गोंगाट दुसरीत शिरत नाही. कनेक्टरमध्ये क्रम असतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीची एक तार तिसऱ्या आणि दुसरी सहाव्या जागी, मध्ये निळी जोडी. नवख्याला हे चुकीचं वाटतं. आमच्या वायरमनने दोन्ही टोकांना रंग जोडीने एकापाठोपाठ लावले होते, दिसायला व्यवस्थित. टेस्टर फक्त या टोकाची तार त्या टोकाला पोचते का तेवढंच बघतो, त्यामुळे तो खूश. पण यंत्र तिसरी-सहावी ही एक जोडी समजून बोलतं आणि त्या जागी दोन वेगवेगळ्या पिळांतल्या तारा बसलेल्या. गोंगाट सगळा आत. दोन्ही टोकं कापून नव्याने क्रिम्प केली आणि तीच केबल पूर्ण वेगाने चालायला लागली. तुमच्या घरी भिंतीतली लॅन केबल "चालते पण चालत नाही" अशी असेल, तर ती उपटण्याआधी टोकांचे रंग बघा.

दुकानदाराचा तो सहा अँटेनांचा राउटर स्वयंपाकघरात अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून कामी आला. आधी तोही स्वतःच फोनना पत्ते वाटत होता. एका घरात दोन वाटप करणारे असले की काही फोनना एकाकडून पत्ता मिळतो, काहींना दुसऱ्याकडून, आणि "कनेक्टेड, पण इंटरनेट नाही" असा निरोप येत राहतो. मी त्याचं पत्ते वाटणं, म्हणजे डीएचसीपी, बंद केलं, त्याला १९२.१६८.१.२ हा वेगळा पत्ता दिला, केबल बाहेरच्या लाइनसाठीच्या वॅनच्या भोकात न घालता लॅनच्या भोकात घातली, आणि नाव-पासवर्ड ओटीवरच्यासारखाच ठेवला. तरी आईचा फोन स्वयंपाकघरात बसूनही ओटीवरच्या राउटरला चिकटून राहायचा. कुणाला धरायचं हे फोन ठरवतो, राउटर नाही, आणि पहिला पुरता बुडेपर्यंत तो सोडत नाही. यावर उपाय म्हणजे ओटीवरच्या राउटरची ताकद कमी करणं. ताकद मध्यम केली आणि फोन माजघर ओलांडताना आपोआप बदलायला लागला.

सगळीकडे सल्ला मिळतो की ५ गिगाहर्ट्झ वापरा, २.४ जुनं झालं. बदलापूर-कल्याणच्या इमारतीत हा सल्ला बरोबर आहे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ पासून परवानामुक्त आहे, त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल फक्त तीन, १, ६ आणि ११. शेजारच्या वीस घरांचे राउटर त्याच तिघांत कोंबलेले असतात. कोंडाण्यात मात्र अ‍ॅपमध्ये आमच्याखेरीज जेमतेम एखाद-दुसरं नाव दिसतं. हवा मोकळी आहे. आणि २.४ भिंतीतून ५ पेक्षा अधिक पार होतं. आमच्या अंगणासाठी, परसासाठी तेच चांगलं. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवली, आणि जिथे यंत्र समोर दिसतं तिथे ५ वापरतो. शहरातला सल्ला गावात आणताना आपली हवा आधी बघावी, असं मला मनापासून वाटतं.

गोठ्यापर्यंत तांब्याची तार न्यायला मी ठाम नकार दिला. वैशाखातल्या वळवात आणि परतीच्या पावसात इथे विजा फार होतात. दोन इमारतींमधल्या तांब्याच्या तारेत जवळ पडलेल्या विजेचा झटका उतरला की दोन्हीकडची यंत्रं जातात. म्हणून शेतात पाण्याला वापरतात तो काळा पाइप जमिनीत पुरला, त्यातून फायबर नेलं आणि दोन्ही टोकांना छोटे मीडिया कन्व्हर्टर लावले. काचेतून वीज जात नाही. पाइपची तोंडं जाळी लावून बंद केली, कारण घुशींना केबलचं वावडं नाही. लाइट गेली की ओटीवरचा राउटर आणि कन्व्हर्टर १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर चालतात. लाइट बराच वेळ आलीच नाही तर कंपनीच्या पेटीतली बॅटरीही संपते, तिथे आपला इलाज नाही.

शेवटी सगळ्यांच्या फोनवर वाय-फाय कॉलिंग चालू केलं. भारतात ही सोय २०१९ च्या अखेरीला आली. टॉवर नसला तरी नेहमीचा नंबर नेहमीसारखा लागतो, आवाज घरच्या नेटवरून जातो. आई आता मागच्या पडवीत बसून मावशीशी बोलते. गोठ्यातले पाहुणे तिथूनच रिक्षा बोलवतात. पुतणी तिच्या खोलीत अभ्यासाला बसते, तिथला आकडा आता उणे ५२ आहे.

कर्जत-खालापुरात सध्या सगळीकडे घरं उठतायत, कुणाची दुसरी घरं, कुणाची पाहुण्यांसाठी, कुणाची राहायची. बांधकाम चालू असेल तर माझी एक विनंती आहे. प्लास्टर होण्याआधी प्रत्येक खोलीत विजेच्या वायरिंगपासून वेगळा एक रिकामा पाइप टाकून घ्या, त्यात ओढायला एक दोरी सोडून ठेवा, आणि सगळ्या पाइपांची तोंडं फायबर जिथून घरात येणार त्या जागी आणा. आज खर्च किरकोळ आहे. नंतर दगड फोडावा लागतो.