नखाएवढ्या तुकड्याची जपणूक

घरातल्या कुणाची गाठ काढली, की ऑपरेशन थिएटरच्या दाराशी नातेवाइकांच्या हातात अनेकदा एक लहानशी बाटली येते. ‘लॅबमध्ये नेऊन द्या’, एवढेच सांगितले जाते. मग सुरू होते वाट पाहणे. ‘एवढ्याशा तुकड्याला इतके दिवस कशाला?’ असा प्रश्न घरोघरी निघतो. त्याचे उत्तर लॅबच्या मागच्या खोलीत मिळते.

तिथल्या तंत्रज्ञाला रुग्णाचा चेहरा कधी दिसत नाही, दिसतो तो क्रमांक. रोग ओळखण्याचे काम पॅथॉलॉजिस्टचे. तुकड्यात जे आहे तेच काचेवर उतरवणे, हे तंत्रज्ञाचे. मुळात नसलेले काही स्लाईडवर दिसू लागले किंवा असलेले बिघडले, तर त्या दोषाला ‘आर्टिफॅक्ट’ म्हणतात.

पहिला दोष बहुधा लॅबबाहेरच शिरतो. चिमट्यात जोराने दाबलेल्या तुकड्यातल्या पेशी चिरडतात. नुसत्या सलाईनमध्ये ठेवला, तर त्याचे सडणे थांबत नाही. फ्रीजरमध्ये ठेवला, तर बर्फाचे स्फटिक पेशींची मोडतोड करतात. म्हणूनच फॉर्मॅलिन हवे. १८९३ मध्ये जर्मनीतले फर्डिनांड ब्लुम फॉर्मॅल्डिहाईडचे जंतुनाशक गुण तपासत होते. त्यांच्या बोटांची कातडी कडक झाली आणि त्यातून ऊतक टिकवण्याची ही रीत सापडली. फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहा ते वीस पट हवे. ते आम्लधर्मी झाले तर स्लाईडवर तपकिरी कण उठतात. म्हणून त्यात बफर घालतात.

पुढे ३-४ मिलिमीटर जाडीचे काप अल्कोहोल आणि झायलीनमधून जाऊन सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या मेणात मुरतात. इथे घाई केली, तर आत पाणी उरते व मेण शिरत नाही. अति केले, तर काप ठिसूळ होतो. वड्यांचा पाक कच्चा राहिला किंवा पुढे गेला, की वड्या नीट पडत नाहीत, तसेच हे.

मायक्रोटोमवर ४-५ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या चार-पाच पट जाडीचा पापुद्रा निघतो. पात्याला खाच असेल तर त्यावर सरळ ओरखडा उठतो. पाते सैल असेल तर लाटा. पापुद्रा कोमट पाण्यावर पसरवताना घडी पडली, तर पेशी एकावर एक येऊन उगाच दाट, गडद दिसतात.

पण सर्वांत घातक दोष पाण्यावर तरंगत असतो. आधीच्या रुग्णाचा एखादा कण तिथे राहिला आणि पुढच्याच्या काचेवर चिकटला, तर निरोगी माणसाच्या माथी कॅन्सर लागू शकतो. म्हणून दर रुग्णागणिक पाण्याचा पृष्ठभाग कागदाने टिपून घ्यावा लागतो. कितीही गर्दी असो, हे टाळता येत नाही. शेवटी गाळलेला रंग आणि बुडबुडा न राहता ठेवलेली कव्हरस्लिप, की स्लाईड तयार.

यात घरच्यांनाही थोडी मदत करता येते. बाटली हाती येताच विचारावे, ‘यात फॉर्मॅलिनच आहे ना?’ कारण जंतूंच्या कल्चरसारख्या काही तपासण्यांना ते चालत नाही. तुकडा पूर्ण बुडालेला असावा. बाटली रुंद तोंडाची असावी, कारण कडक झालेला तुकडा अरुंद तोंडातून ओढून काढताना चेंगरतो. नाव झाकणावर नव्हे, बाटलीवर लिहिलेले असावे. झाकणांची अदलाबदल होऊ शकते. आणि बाटली घरी मुक्कामाला न नेता थेट लॅबमध्ये पोचवावी.

रिपोर्टला लागणारे दिवस जिवावर येतात खरे. पण पुढचे औषध, पुढची शस्त्रक्रिया त्या एका कागदावर ठरणार असते. तो लवकर येण्यापेक्षा खरा येणे महत्त्वाचे.