बुद्धाच्या बेटावर जायचं तर…

आम्हा बिदरकरांना हैदराबाद कधी परकं वाटलंच नाही. १९५६ पर्यंत आपला जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. माझ्या सासऱ्यांच्या कोर्टकचेऱ्या तिथं, आमच्या लग्नाचा बस्ता तिथला, आणि मोठं दुखणं आलं की आजही गाडी जहीराबादच्या रस्त्याला लागते. आता तर लेकच तिथं दिलेली. जावई कलबुर्गीचे, घरात कन्नड. नातू माझ्याशी मराठीत बोलतो, पण हाक मारतो ‘अज्जी’ म्हणून.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे हुसेनसागरच्या काठी फिरायला गेलो होतो. दहा वर्षांच्या नातवानं तळ्यामधल्या बुद्धाकडं बोट दाखवलं. “अज्जी, माझ्या मित्रानं कयाक चालवली. आपण पण वल्हवत त्या बेटावर जाऊ या ना!”

लेक गप्प झाली. माझ्याकडं बघायचं तिनं टाळलं. कारण तिला ठाऊक आहे.

माझा थोरला भाऊ मांजरा नदीत गेला. मी आठ वर्षांची होते, तो चौदाचा. पलीकडच्या शेतावरून येताना पाणी चढलं होतं. त्या दिवसापासून आईनं आम्हा भावंडांना नदीकडं फिरकू दिलं नाही. पुढं मी लेकीला पोहायला शिकू दिलं नाही, लेकीनं मुलाला. तीन पिढ्या झाल्या, आमच्यात एकालाही पोहता येत नाही. ही काळजी होती, असंच मी आजवर समजत आले.

रात्री जेवताना जावई हळूच म्हणाले, “नीरिगे इळियदे ईजु बरांगिल्ल, अत्ते.” पाण्यात उतरल्याशिवाय पोहणं येत नाही. ते स्वतः गावच्या विहिरीत शिकलेले. मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी चहाच्या वेळी मी जाहीर केलं, “जाऊ. पण आखणी मी करणार.”

पहिला प्रश्न बेटाचा. हुसेनसागर हा शहराहूनही जुना. हैदराबाद वसलं १५९१ साली, तलाव त्याआधीचा, इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळातला. मधला खडक जिब्राल्टर रॉक म्हणून ओळखला जातो. त्यावरची बुद्धमूर्ती एकसंध शिळेची, १८ मीटर उंच, वजन साडेतीनशे टनांच्या वर. मार्च १९९० मध्ये ती तराफ्यावरून नेताना तराफा कलला, मूर्ती तळाशी गेली आणि माणसंही दगावली. दोन वर्षांहून जास्त काळ ती पाण्याखाली होती. १९९२ साली बाहेर काढून उभी केली. आज लुंबिनी पार्कच्या धक्क्यावरून मोटारबोटीत बसणाऱ्यांपैकी कितीजणांना हे आठवत असेल? काठावरून पाणी कितीही शांत दिसो, तोल आणि वजन यांचा हिशेब ते कुणालाच माफ करत नाही.

म्हणून ठरवलं की बेटावर जायचं ते लुंबिनी पार्कच्या बोटीनंच. मोठ्या बोटी जातात-येतात तिथं त्यांच्या लाटांत नवशिक्यानं कयाक घालू नये. वल्हवणं शिकायचं तर लहान, मोकळं पाणी हवं. ते सापडलं विकाराबादजवळच्या कोटपल्लीच्या तलावात. आपल्याला विकाराबाद ठाऊक असतं ते गाडी बदलायचं जंक्शन म्हणून. पण मुसी नदी उगम पावते ती तिथल्याच अनंतगिरीच्या डोंगरात. कागणा नदीही त्याच बाजूची. मुसी हैदराबादेकडं जाते, कागणा आपल्याकडं वळते आणि मळखेडवरून भीमेला मिळते. कोटपल्लीचं पाणी कागण्याचं. म्हणजे जावयांच्याच जिल्ह्याकडं निघालेलं!

मुसीचं नाव निघालं की जुने हैदराबादी १९०८ चा पूर सांगतात. २८ सप्टेंबरला नदी शहरात शिरली, हजारो माणसं गेली. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात चिंचेचं एक झाड आहे. त्याच्या फांद्यांवर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली. पुढच्याच वर्षी निजामानं बोलावलं ते विश्वेश्वरय्यांना. पुण्यात शिकलेला, खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवलेला हा कानडी माणूस. त्यांच्या योजनेतून मुसीवर उस्मानसागर (१९२०) आणि ईसीवर हिमायतसागर (१९२७) उभे राहिले. पुराची भीती होतीच, पण शहरानं नदीकडं पाठ फिरवली नाही. पाणी मोजलं, अडवलं आणि प्यायलाही घेतलं. हे वाचताना मला माझ्या आईची आठवण आली, आणि माझीही.

मग वही काढली. जाण्याची वेळ सकाळची, कारण दुपारी वारा उठतो. पावसाळ्यात नको, पाऊस सरल्यावर तलाव भरलेला असतो आणि ऊनही सोसवतं. आदल्या दिवशी फोन करून होड्या चालू आहेत का, हे विचारायचं. कपड्यांचा जास्तीचा जोड, टोपी, पाणी, चष्म्याला दोरी. मोबाईल काठावर. आणि लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचं.

हा शेवटचा मुद्दाच आडवा आला. आम्ही आधी शहराजवळच्या एका तळ्यावर गेलो. तिथं लहान मुलाचं जॅकेटच नव्हतं. “मोठ्याचं चालतंय, अम्मा,” म्हणून एकानं ते नातवाला चढवलं. मी दोन्ही खांदे धरून वर ओढलं, तर जॅकेट थेट कानापर्यंत आलं. पाण्यात पडला असता तर जॅकेट वर राहिलं असतं आणि पोरगं खाली! मी ते काढून परत दिलं. पोरगं गाडीत रडत होतं, लेक म्हणाली, “आई, तू भिऊन मोडलंस.” मी म्हटलं, “भिऊन नाही गं. बघून.” दुपारी लुंबिनी पार्कवरून बोटीनं बुद्धाला जाऊन आलो, तेव्हा कुठं त्याचं तोंड हसरं झालं.

पुढच्या रविवारी कोटपल्ली. तिथं त्याच्या मापाचं जॅकेट मिळालं. पट्टे आवळले, ओढून पाहिलं, हललं नाही. पुढं नातू, मागं जावई. पहिली पाच मिनिटं कयाक गोलच फिरत होती. मग वल्ही एका तालात पडू लागली. तिथला शिकवणारा मुलगा मला म्हणाला, “अम्मा, तुम्ही?” लेकीनं माझा हात धरला. मी साडीवर जॅकेट चढवलं आणि त्याच्या होडीत बसले. दहाच मिनिटं. सुरुवातीला डोळे मिटलेलेच होते. उघडले तेव्हा पाणी हाताच्या अंतरावर होतं, गार आणि निवांत.

परतताना गाडीत मी पहिल्यांदा नातवाला दादाबद्दल सांगितलं. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “अज्जी, त्याला जॅकेट नव्हतं का?”

“नव्हतं रे. आणि पोहायलाही कुणी शिकवलं नव्हतं.”

दुसऱ्याच दिवशी जावयांनी त्याचं नाव पोहण्याच्या वर्गात घातलं. फॉर्मवर पालकांच्या सहीखाली, मला राहवलं नाही म्हणून, मीही सही केली.