तटबंदी आणि आवाज

यरीहोचे तट शस्त्रांनी पडले नाहीत. सहा दिवस नगराभोवती एकेक फेरी, सातव्या दिवशी सात. मग याजकांची रणशिंगे, लोकांचा एकच गजर आणि तट जागच्या जागी कोसळलेले, असे यहोशवाच्या ग्रंथात सांगितले आहे. आवाज तिथे अर्थाचे वाहन नसून स्वतःच कृती आहे. हॅम्बुर्गच्या ‘हेलोवीन’ या बँडने १९८५ साली आपल्या पहिल्या पूर्ण अल्बमला ‘वॉल्स ऑफ जेरिको’ हे नाव दिले, तेव्हा विशीतल्या चौघांनी ही कल्पना शब्दशः घेतली असावी असे तो ऐकताना वाटते. अल्बम ध्वनिमुद्रित झाला तो पश्चिम बर्लिनमध्ये, म्हणजे भिंतीने वेढलेल्या शहरात. ती भिंत चार वर्षांनी पडली. मात्र या योगायोगातून भविष्यवाणी शोधणे हा वाचनाचा आळस ठरेल. शिवाय आरंभीची शिंगांची ललकारी ‘लंडन ब्रिज’ या बालगीताच्या चालीवर बेतलेली आहे. पुराणकथेच्या उंबरठ्यावरच थट्टा उभी आहे.

हा अल्बम आज ‘पॉवर मेटल’ या प्रकाराच्या आद्य संहितांपैकी एक मानला जातो. पण कोणताही आद्य ग्रंथ आपण आद्य आहोत हे जाणून लिहिला जात नाही. त्या वेळी या संगीताला ‘स्पीड मेटल’ म्हटले जाई. त्यात थ्रॅशचा खरखरीतपणा होता आणि दोन गिटारींनी मिळून गायलेली सुरेलता ब्रिटिश परंपरेतून आली होती. ‘गॉर्गर’ हे गीत एका पिनबॉल यंत्रावर आहे आणि त्यात मध्येच ग्रीगची सुरावट डोकावते. प्रकाराचे नियम अजून ठरले नव्हते, म्हणूनच हे सारे एकत्र नांदू शकले.

नियम ठरले ते १९८७ मध्ये, ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’च्या पहिल्या भागात. काई हान्सेन तोवर गिटारही वाजवीत होता आणि गातही होता. दोन्ही पेलणे जड जाऊ लागले, तेव्हा गायन मिखाएल किस्केकडे गेले. किस्केचा उंच, निर्मळ, सहज विहरणारा स्वर पुढे या प्रकाराचे लक्षणच बनला. त्या लक्षणाच्या मापाने पाहिले तर हान्सेनचा चिरका, श्वास पुरवीत धावणारा आवाज अपुरा वाटतो. पण हे माप नंतरचे आहे. उत्तरकालीन निकष लावून पूर्वकृतीत उणिवा मोजण्याची खोड साहित्येतिहासालाही नवी नाही. ‘हाऊ मेनी टिअर्स’ या सात मिनिटांच्या अखेरच्या गीतात मानवी हिंसेविषयीचा प्रश्न विचारला जातो. तिथे हा आवाज अक्षरशः ताणाखाली आहे, आणि तो ताण हाच त्या प्रश्नाचा आशय आहे. निर्दोष स्वरात तो प्रश्न अलंकार झाला असता.

या गजरामागे ज्याचा हात सतत चालला आहे तो ढोलवादक इंगो श्विख्टेनबर्ग. आजारपणामुळे १९९३ मध्ये त्याला बँड सोडावा लागला. १९९५ मध्ये, अवघ्या २९ व्या वर्षी, त्याचा अंत झाला. हे ठाऊक असलेला श्रोता अल्बमचा वेग निरागसपणे ऐकू शकत नाही. मात्र त्या वेगात मृत्यूची चाहूल ऐकणे हीदेखील कृतीवर लादलेली जबरदस्तीच. विसाव्या वर्षीचा तो वादक मरणाकडे धावत नव्हता. तो केवळ धावत होता.

हान्सेन आणि किस्के २०१७ च्या दौऱ्यात पुन्हा बँडसोबत उभे राहिले. या पहिल्या अल्बममधली गीते हान्सेनने स्वतः गायिली. पडद्यावरच्या इंगोच्या चित्रफितीशी नव्या ढोलवादकाची जुगलबंदी झाली. तट पडल्यावर नगराचे काय होते हे यरीहोच्या कथेत सांगितले आहे. गजर करणाऱ्या एकेका कंठाचे पुढे काय होते, हे नाही. ती नोंद करण्याचे काम समीक्षेकडे उरते.