न्हाणीघराचा रंग

घर रंगवावयाचे ठरले की गृहस्थाची दृष्टी प्रथम बैठकीच्या खोलीकडे जाते. पाहुणा जेथे बसणार तेथील भिंत उजळ हवी! त्यानंतर देवघर, मग स्वयंपाकघर. न्हाणीघराने मात्र डब्याच्या तळाशी उरलेल्या रंगावर समाधान मानावे, असा बहुतेक घरांचा शिरस्ता. इंदूरच्या आमच्या जुन्या घरातही तो वर्षानुवर्षे चालत आला होता.

गेल्या दसऱ्यानंतर पुताईचा विषय निघाला, तेव्हा दहावीत शिकणारी आमची कन्या म्हणाली, "बाबा, बैठक राहू द्या. या वर्षी न्हाणीघर रंगवा, आणि रंग मी निवडीन." रंगांची पुस्तिका आली व तिने बोट ठेवले ते मोरपंखी रंगावर. सौ.ना तो फार गडद वाटला. न्हाणीघर कसे पांढरेशुभ्र असावे, हे त्यांचे मत.

रंगारी मुरब्बी होता. त्याने भिंतीवर तळहात टेकला आणि सांगितले, "गुरुजी, आधी ओल, मग रंग." आमच्या भिंती विटा व चुन्याच्या. अशा भिंतीत शिरलेली ओल हळूहळू बाहेर पडते. पण वरून तैलरंगाचा थर बसला की तिची वाट बंद होते. मग लोणा लागतो, पोपडे सुटतात आणि कितीही रंग चढविला तरी तो टिकत नाही. नळाचा एक जोड आतल्या आत झिरपत होता. तो दुरुस्त करून भिंत सुकेपर्यंत थांबणे आले.

जुना थर खरवडतानाही त्याने भिंत ओली करून घेतली. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम आपल्याकडे २०१६ साली झाले व २०१७ च्या नोव्हेंबरात अमलात आले. त्यापूर्वीच्या तैलरंगात शिसे असण्याचा संभव असतो. त्याची कोरडी धूळ घरात उडणे, विशेषतः लहान मुलांच्या पोटात जाणे, घातक.

हे काम चालू असता परसात पडदा बांधून स्नानाची सोय केली होती. कन्या पहाटे पाचलाच उठून, अंधारात, सर्वांच्या आधी स्नान उरकू लागली. एके दिवशी तिने वहीचे एक पान आमच्या हाती दिले. न्हाणीघरात काय काय हवे, याची ती यादी होती. पहिले, आतून घट्ट बसणारी कडी. दुसरे, दार असलेला लहानसा फडताळ. तिसरे, झाकणाची बादली. आणि चौथे, मोरपंखी रंग.

जुन्या दाराची कडी सैल झाली होती, म्हणून दाराजवळ जाताना खाकरण्याची आमच्या घराची रीत होती. यादी वाचून सौ. काही वेळ काहीच बोलल्या नाहीत. पांढऱ्या रंगाचा आग्रह तेथेच संपला. आई मात्र जपमाळ बाजूला ठेवून म्हणाली, "मी या घरात आले तेव्हा न्हाणीला दार नव्हते, गोणपाट होते. पुरुषमाणसे उठण्याच्या आत आम्ही बायका अंधारात अंघोळी उरकायच्या. अरे, पोरीच्या दाराला आधी कडी बसव. रंग तिला हवा तो दे."

कडी त्याच दिवशी बसली. भिंत पुरती सुकल्यावर तैलरंग टाळून, पाण्यात मिसळणाऱ्या बुरशीरोधक रंगाचे दोन पातळ हात दिले. झरोका मोकळा ठेवला. आता मोरपंखी भिंतीआडून कन्येचे गाणे ऐकू येते, आणि दाराजवळ कोणी खाकरत नाही.

वाढत्या वयाच्या मुलांना घरातील थोडी जागा निःशंकपणे आपली वाटावी लागते. लहान घरात स्वतंत्र खोली देणे सर्वांस साधणार नाही. स्नानापुरता निर्धास्त एकांत देणे बहुतेकांस साधेल. शाळेचेही असेच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे आवश्यक ठरविली, ही मोठीच गोष्ट झाली. तथापि त्या दाराची कडी लागते की नाही, हे कोणाला तरी स्वतः जाऊन पाहावे लागते. आमच्या शाळेत हे काम आता दर सोमवारी, प्रार्थनेची घंटा होण्यापूर्वी होते.