डॉक्टर कोटणिसांच्या घरी

आमचे कुंभारी सोलापूरच्या जवळच, अक्कलकोटच्या वाटेवर आहे. विडी कामगार स्त्रियांसाठी येथे दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, आणि २००६ साली त्यांतील एक घर आमच्या आजीला मिळाले. त्यापूर्वी आम्ही सोलापुरात एका गिरणीच्या पाठीमागे एका खोलीत राहत होतो.

मी सहावीत असताना एका रविवारी डॉ. कोटणीस स्मारक पाहण्यास निघालो. आजीने मांडीवरचे सूप बाजूला सारले व म्हणाली, “थांब, मीही येते.” मला नवल वाटले. पाने कापावीत, तंबाखू भरावी, दोरा बांधावा. हजार विड्या झाल्याखेरीज ती कधी उठत नसे.

स्मारक म्हणजे भैया चौकातील कोटणीस कुटुंबाचे जुने घर. २०१२ साली ते लोकांसाठी खुले झाले. आजीला वाचता येत नव्हते, म्हणून भिंतीवरचा मजकूर मी मोठ्याने वाचू लागलो. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली सोलापुरात झाला. जपानने चीनवर आक्रमण केले, तेव्हा १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक तिकडे धाडले. बाकीचे चौघे परतले. हे मात्र जखमी सैनिकांच्या सेवेसाठी मागे राहिले. तेथीलच एका परिचारिकेशी त्यांनी विवाह केला. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन! पुढे १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिकडेच वारले.

आजी त्या छायाचित्रापुढे कितीतरी वेळ उभी होती. “त्यांच्या आईला कधी रे कळले असेल?” तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही.

निघताना तिने तेथील रखवालदाराला हळूच विचारले, “दादा, गिरणीचे काही ठेवले आहे का हो येथे?”

“नाही आजी, हे डॉक्टरसाहेबांचे घर आहे,” तो आदराने म्हणाला.

सोलापुरातील पहिली कापडगिरणी १८७७ च्या सुमारास सुरू झाली. पुढे आणखी गिरण्या निघाल्या आणि त्यांच्या भोंग्यावर सारे शहर उठू लागले. मी जन्मलो तेव्हा आजोबांची गिरणी बंद पडलेली होती. त्या दिवसापासून घर आजीच्या सुपावर चालले, एवढेच मला ठाऊक होते. आजोबा त्याविषयी कधी बोलले नाहीत, आणि मीही कधी विचारले नाही. आता विचारावे, तर ते हयात नव्हते.

त्या रात्री आजीने एक जुना डबा उघडला. दोऱ्याच्या रिळांखाली चिंधीत गुंडाळलेला पितळेचा बिल्ला होता. त्यावरचा क्रमांक झिजून गेला होता.

“हा दाखवायचा, मग दारवान आत सोडायचा,” ती म्हणाली. “वाच बरे, कोणता आकडा आहे?”

मी कंदिलाच्या काचेसारखा तो बिल्ला पुसला, दिव्याजवळ नेला, आणि एकेक अंक लावू लागलो.